हास्केलमध्ये अटी थोडक्यात कशा लिहाव्यात?

सांजवात

नमस्कार. गेली ११ वर्षे मी जावामध्ये काम करते आणि सहा महिन्यांपासून स्वतःच्या आवडीने हास्केल ही फंक्शनांवर आधारलेली प्रोग्रॅमिंग भाषा शिकते आहे. सरावासाठी एसटीच्या भाडेसवलतींचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नियम आपल्या परिचयाचेच आहेत: ५ वर्षांखालील बालकांना तिकीट नाही, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे, त्यापुढे मोफत आणि महिलांना अर्धे. प्रवास राज्याच्या हद्दीतला आहे आणि वय पूर्ण वर्षांत मोजले आहे, असे मी धरले आहे. या विभागाच्या प्रथेप्रमाणे कोडही देवनागरीत देते. इफ, देन, एल्स हे भाषेचे शब्द आहेत, बाकीची नावे माझी आहेत.

    सवलत प्र =
      इफ वय प्र < ५ देन मोफत
      एल्स इफ वय प्र <= १२ देन अर्धे
      एल्स इफ वय प्र >= ७५ देन मोफत
      एल्स इफ वय प्र >= ६५ देन अर्धे
      एल्स इफ महिला प्र देन अर्धे
      एल्स पूर्ण

प्रोग्रॅम चालतो, परंतु वाचताना प्रत्येक ओळीला आधीच्या सगळ्या ओळी ध्यानात ठेवाव्या लागतात. जावामध्ये मी अशा ठिकाणी प्रश्नचिन्ह आणि कोलनचा टर्नरी (अटीनुसार दोहोंपैकी एक किंमत देणारी एका ओळीतली रचना) वापरत असे. तो इथे सापडला नाही. माझे प्रश्न दोन आहेत. हास्केलमध्ये टर्नरी का नाही? आणि वाचणाऱ्याला अडखळायला न लावता ही शिडी थोडक्यात कशी लिहावी?

भीमाकाठ

दुसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर गार्ड हे आहे. फंक्शनच्या नावानंतर उभी रेघ, तिच्यापुढे अट आणि बरोबरच्या चिन्हानंतर उत्तर. गार्ड वरून खाली तपासले जातात आणि पहिली खरी ठरलेली अट उत्तर देते. वय एकदाच काढून खाली व्हेअर या जोडओळीत ठेवले की ओळी आणखी हलक्या होतात.

    सवलत प्र
      | व < ५ || व >= ७५ = मोफत
      | व <= १२ || व >= ६५ || महिला प्र = अर्धे
      | अदरवाइज = पूर्ण
      व्हेअर व = वय प्र

सहा ओळींच्या जागी तीन अटी राहिल्या. अदरवाइज हा भाषेचा राखीव शब्द नाही, हे नवशिक्यांना सहसा कोणी सांगत नाही. प्रिल्यूडमध्ये, म्हणजे हास्केलच्या आपोआप मिळणाऱ्या मूळ मोड्यूलमध्ये, त्याची व्याख्या 'अदरवाइज = ट्रू' (खरे) इतकीच आहे. शेवटचा गार्ड नेहमी खरा ठरतो, एवढाच त्याचा अर्थ.

कंसापलीकडे

भीमाकाठ यांच्या उत्तराला एक पुस्ती जोडतो, कारण मी स्वतः येथे दोन तास घालवले आहेत. अदरवाइज हे साधे नाव असल्यामुळे केसच्या (किमतीचे रूप पाहून शाखा निवडणाऱ्या रचनेच्या) आत, बाणाच्या डावीकडे पॅटर्न म्हणून, म्हणजे जुळवायचे रूप म्हणून, ते लिहिले तर त्याचा 'ट्रू' या किमतीशी काहीही संबंध उरत नाही. तेथे ते एक नवे चल बनते आणि समोर येईल ती किंमत स्वीकारते. शेवटच्या ओळीत हे चुकून खपून जाते; मधल्या ओळीत लिहिले तर खालच्या सगळ्या शाखा निरुपयोगी होतात. केसमध्ये 'काहीही चालेल' या अर्थाची अधोरेखा (_) वापरावी आणि अदरवाइज गार्डांपुरतेच ठेवावे.

ओवी_आणि_अंक

भीमाकाठ, तुमच्या तीन ओळी नेटक्या आहेत, परंतु मी त्या माझ्या प्रोग्रॅममध्ये ठेवणार नाही.

मूळ प्रश्नातील प्रत्येक ओळ एका स्वतंत्र नियमासाठी होती. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला आणि महिलांची ५० टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासून लागू झाली. नियम वेगवेगळ्या वेळी येतात आणि वेगवेगळ्या वेळी बदलतात. उद्या यांपैकी एकाची वयोमर्यादा किंवा टक्केवारी बदलली, तर तुमच्या 'किंवा'ने जोडलेल्या ओळीतून तो नियम सोडवून बाहेर काढावा लागेल, आणि तो काढताना शेजारच्या अटीला धक्का लागला नाही ना, हे पुन्हा तपासावे लागेल. पाच नियमांसाठी पाच गार्ड लिहिले तर ओळी वाढतात, पण नियमपत्रक एका हातात आणि कोड दुसऱ्या हातात घेऊन ते ओळीला ओळ ताडून पाहता येतात. भाड्याचा हिशोब करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मला हा गुण दोन ओळी वाचवण्यापेक्षा मोलाचा वाटतो.

भीमाकाठ

मान्य आहे. मी उत्तरांच्या बाजूने एकत्र केले, तुम्ही नियमांच्या बाजूने वेगळे ठेवता. एवढे मात्र म्हणेन की माझ्या रचनेत '७६ वर्षांच्या आजींना काय लागू होते' हे पहिल्याच ओळीत कळते, कारण मोफतच्या सगळ्या वाटा तेथे एकत्र आहेत.

जुनी_पोथी

पहिला प्रश्न राहून गेला आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

सी किंवा जावामध्ये इफ ही आज्ञा आहे. ती काहीतरी करायला सांगते, पण तिची स्वतःची किंमत नसते. म्हणून किंमत हवी असेल तेथे टर्नरीची वेगळी सोय करावी लागली. हास्केलमध्ये इफ-देन-एल्स ही पहिल्यापासूनच एक्स्प्रेशन, म्हणजे स्वतःची किंमत असलेली रचना, आहे. ते बेरजेच्या मध्ये लिहिता येते, दुसऱ्या फंक्शनला देता येते. म्हणजे टर्नरी येथे आहेच, फक्त चिन्हांऐवजी शब्दांत आहे. एल्स सक्तीचा का, याचेही उत्तर त्यातच येते: अट खोटी ठरली तर किंमत कोणती, हे सांगितल्याशिवाय एक्स्प्रेशन पुरे होत नाही. दोन्ही शाखांचा टाइप (किमतीचा प्रकार) एकच असावा लागतो, तोही याच कारणाने.

या कल्पनेचा उगम मला फार प्रिय आहे. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी १९५७-५८ मध्ये एमआयटीत आयबीएम ७०४ या यंत्रावर फोरट्रान या भाषेत बुद्धिबळातील नियमबद्ध चालींचे प्रोग्रॅम लिहीत होते. फोरट्रानमधील इफ त्यांना अडचणीचा वाटला, म्हणून त्यांनी एक्सआयएफ नावाचे फंक्शन केले, जे पहिल्या राशीप्रमाणे दुसरी किंवा तिसरी राशी परत देत असे. प्रोग्रॅम सुटसुटीत झाले, पण फंक्शनमध्ये शिरण्याआधी तिन्ही राशींची किंमत काढली जाई, त्यामुळे ते जपूनच वापरावे लागे. दोहोंपैकी हवी तेवढीच राशी सोडवणारी खरी सशर्त एक्स्प्रेशन हवी, हा विचार त्यातून पुढे आला. १९६० च्या लिस्प या भाषेवरील त्यांच्या शोधनिबंधात ती केंद्रस्थानी आहे आणि अल्गोल ६० या भाषेतही ती आली.

हास्केलमध्ये हे वर्तुळ पूर्ण होते. येथे किंमत लागेल तेव्हाच काढली जाते, त्यामुळे मॅकार्थींना नडलेले फंक्शन येथे दोन ओळींत लिहिता येते आणि ते बरोबर चालते.

    जर ट्रू क _ = क
    जर फॉल्स _ ख = ख

ओकॅमल या दुसऱ्या फंक्शनल भाषेत असेच फंक्शन लिहिले तर त्याला बोलावण्याआधी दोन्ही शाखा सोडवल्या जातील आणि आपण पुन्हा १९५७ च्या अडचणीपाशी येऊ.

पिंपळपान

जुनी_पोथी, हा प्रतिसाद जपून ठेवला आहे. मनापासून आभार.

तुमचे 'जर' फंक्शन तयारही मिळते. डेटा.बूल या मोड्यूलमध्ये 'बूल' नावाचे फंक्शन आहे, ते २०१४ पासून हास्केलबरोबर येणाऱ्या बेस लायब्ररीत आहे. मॅप करताना (यादीतील प्रत्येक घटकावर फंक्शन लावताना) किंवा फंक्शनांची साखळी जोडताना ते फार उपयोगी पडते, कारण इफसाठी लॅम्डा, म्हणजे निनावी फंक्शन, उघडावा लागत नाही. सर्वांत थोडक्यात लिहायचे असेल तर माझे मत बूलला.

चौथी_मिती

पिंपळपान यांच्याशी मी येथे असहमत आहे आणि त्याचे कारण अनुभवाचे आहे. बूलमध्ये खोटेपणाचे उत्तर आधी आणि खरेपणाचे नंतर येते, म्हणजे इफच्या बरोबर उलट, आणि तपासायची किंमत सर्वांत शेवटी. आमच्याकडे थकबाकीच्या एका अहवालात 'भरले' आणि 'बाकी' हे दोन शब्द या क्रमामुळे उलटे छापले गेले. दोन्हींचा टाइप एकच, अक्षरमाला. त्यामुळे कंपायलरला आक्षेप घेण्याचे कारणच नव्हते. तीन जणांनी कोड वाचून संमती दिली होती आणि ती चूक लक्षात आली ती थेट ग्राहकाच्या. इफ-देन-एल्समध्ये शब्द स्वतः सांगतात की कोणती बाजू कोणाची. तो आधार काढून टाकल्यावर वाचलेली जागा मला परवडली नाही.

पिंपळपान

तुमचा अनुभव खरा आहे, मात्र तो क्रम मनमानी नाही. बूल या टाइपची व्याख्या 'फॉल्स किंवा ट्रू' अशी आहे आणि फंक्शन तोच क्रम पाळते. मेबी या टाइपमध्ये किंमत नसेल तर नथिंग आणि असेल तर जस्ट असते; 'मेबी' फंक्शनही आधी नथिंगचे उत्तर मागते, मग जस्टचे. लेफ्ट किंवा राइट अशा दोन पर्यायांच्या टाइपचे 'ईदर' आधी लेफ्टचे, मग राइटचे. टाइपची व्याख्या ज्या क्रमाने, त्याच क्रमाने उत्तरे, हे एकदा मनात बसले की तिन्ही एकाच कुटुंबातली वाटतात. तरीही दोन्ही शाखा एकाच टाइपच्या साध्या अक्षरमाला असतील, तेथे मीही यापुढे इफच वापरेन.

रानवारा

मी एक साधी गोष्ट सांगतो, कारण सर्वांत आखूड अट म्हणजे न लिहिलेली अट. लीप वर्षाचे हे फंक्शन मी शिकणाऱ्यांच्या कोडमध्ये सतत पाहतो (मॉड म्हणजे भागाकाराची बाकी):

    लीप व = इफ व `मॉड` ४००` == ० देन ट्रू
            एल्स इफ व `मॉड` १०० == ० देन फॉल्स
            एल्स इफ व `मॉड` ४ == ० देन ट्रू
            एल्स फॉल्स

येथे उत्तरच खरे-खोटे आहे, म्हणजे अट स्वतःच उत्तर आहे.

    लीप व = भाग ४ && (नॉट (भाग १००) || भाग ४००)
      व्हेअर भाग न = व `मॉड` न == ०

१९०० ला ४ आणि १०० ने भाग जातो पण ४०० ने जात नाही, म्हणून ते लीप नाही. २००० ला तिन्हींनी जातो, म्हणून ते लीप आहे. देनपुढे ट्रू आणि एल्सपुढे फॉल्स असा इफ दिसला की कोड तपासणारे एचलिंट हे साधनही तो काढून टाकायला सुचवते.

कंसापलीकडे

रानवारा, पहिल्या उदाहरणात ४०० नंतर एक तिरपे चिन्ह जास्तीचे पडले आहे.

रानवारा

बरोबर. संपादनाची मुदत संपली आहे, वाचणाऱ्यांनी ते वगळून वाचावे.

अभंगवाणी

मी एका महाविद्यालयात हास्केलचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकवते. विद्यार्थ्यांना गार्ड सर्वांत लवकर समजतात, कारण ते त्यांनी आधीच पाहिलेले असतात. गणिताच्या पुस्तकात केवल मूल्याची व्याख्या महिरपी कंस काढून दोन ओळींत दिलेली असते: क शून्य किंवा त्याहून मोठा असेल तर क, लहान असेल तर उणे क. मी फळ्यावर तो कंस काढते, मग कंस पुसून तेथे उभ्या रेघा ओढते, आणि वर्गाला नवे काही शिकवल्यासारखे वाटत नाही.

डेव्हिड टर्नर यांच्या मिरांडा या १९८५ च्या भाषेत तर अट गणितासारखी उजवीकडेच लिहीत.

    कमाल क ख = क, इफ क >= ख
             = ख, अदरवाइज

हास्केलने अट डावीकडे आणली आणि अदरवाइज तसाच ठेवला.

एक फरक मात्र मी वर्गात आवर्जून सांगते. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या गार्डेड कमांड या रचनेमध्ये ओळींना क्रम नव्हता. दोन अटी एकाच वेळी खऱ्या असतील तर कोणतीही एक शाखा निवडली जाऊ शकत होती, म्हणून लिहिणाऱ्याला प्रत्येक अट स्वतःच्या पायावर उभी राहील अशीच लिहावी लागे. हास्केलमध्ये क्रम आहे, आणि क्रमाच्या आधारावर आपण अटी आखूड करतो. सांजवात यांच्या कोडमध्ये '६५ किंवा अधिक' ही अट अपुरी आहे. वरची ओळ ७५ च्या पुढच्यांना उचलून नेते म्हणूनच ती बरोबर ठरते. कोणी त्या दोन ओळींची अदलाबदल केली तर सगळ्या आजी-आजोबांना अर्धे तिकीट काढावे लागेल, आणि प्रोग्रॅम कोणतीही तक्रार न करता चालत राहील. आखूडपणाची ही किंमत आहे आणि ती जाणूनच द्यावी.

ओवी_आणि_अंक

अभंगवाणी, मग तुम्ही विद्यार्थ्यांना '६५ <= व आणि व < ७५' असे पूर्ण लिहायला सांगता का?

अभंगवाणी

पहिल्या सत्रात होय, सर्वांना. दुसऱ्या सत्रात, ज्यांना क्रम बदलल्यास काय होईल हे तोंडी सांगता येते, त्यांना आखूड लिहिण्याची मुभा देते.

उंबरठा

आतापर्यंतची चर्चा खरे-खोटे या दोन किमतींभोवती आहे. मला वाटते की अडचण तेथेच आहे.

कार्नेगी मेलनचे रॉबर्ट हार्पर याला बूलियन (खरे-खोटेपणाचे) अंधत्व म्हणतात. एखादी गोष्ट तपासली आणि 'ट्रू' मिळाले, की काय तपासले होते ही माहिती हरवते; हातात फक्त एक खूण उरते. रोज दिसणारे उदाहरण पाहा, यात पास ही मेबी टाइपची किंमत आहे:

    इफ इझजस्ट पास देन फ्रॉमजस्ट पास एल्स ०

आधी विचारले की आत काही आहे का, मग त्या उत्तरावर विश्वास ठेवून जबरदस्तीने आतले काढले. उद्या कोणी अट बदलली आणि फ्रॉमजस्ट तसाच राहिला, तर प्रोग्रॅम चालता चालता कोसळेल. 'फ्रॉममेबी ० पास' हे लिहिणे आखूड तर आहेच, शिवाय त्यात कोसळण्याची जागाच नाही. तेच पॅटर्नचे. केसमध्ये 'जस्ट र' जुळला की र हातात येतो. तपासणे आणि मिळवणे एकाच कृतीत होते.

हास्केल २०१० पासून गार्डच्या आतही हे करता येते.

    दर क्र
      | जस्ट प <- लुकअप क्र पासयादी, चालू प = पासदर प
      | अदरवाइज = नेहमीचा

यादीत शोधणे, सापडल्यास नाव देणे आणि तो चालू आहे का हे पाहणे, तिन्ही एका ओळीत. जावाच्या कोडमध्ये यासाठी अनेकदा घरटी इफ दिसतात. 'थोडक्यात' याचा अर्थ मी असा घेतो: अटीने मिळवलेले ज्ञान पुढच्या पावलापर्यंत टिकले पाहिजे.

सह्यसखा

उंबरठा यांच्या म्हणण्याला कंपायलरची बाजू जोडतो. गार्डातील अटी मनासारख्या लिहिता येतात, म्हणून त्यांनी सगळ्या शक्यता व्यापल्या की नाही, हे जीएचसी या हास्केलच्या कंपायलरला सर्वसाधारणपणे ठरवता येत नाही. अदरवाइज विसरला आणि एकही गार्ड लागू पडला नाही, तर फंक्शनची पुढची समीकरणे पाहिली जातात. तीही नसतील तर प्रोग्रॅम चालताना चूक येते. उलट, आपण स्वतः केलेल्या टाइपच्या पर्यायांवर केस लिहिले, तर सुटलेला पर्याय कंपायलर नावानिशी दाखवतो. त्यासाठी डब्ल्यू-ऑल ही सूचना चालू ठेवावी. अपुऱ्या पॅटर्नचा इशारा त्यात येतो.

आणि म्हणूनच केसच्या शेवटी सवयीने अधोरेखा टाकू नये. टाइपमध्ये नवा पर्याय आला की अधोरेखा त्याला मुकाट्याने गिळते, आणि ज्या इशाऱ्यासाठी आपण टाइप केला तो मिळत नाही. चार ओळी जास्त लिहाव्या लागल्या तरी मी पर्याय नावाने लिहितो.

पिंपळपान

भाषाविस्तारांचा उल्लेख झाला नाही म्हणून नोंदवते. मल्टिवेइफने इफच्या आतच उभ्या रेघा देऊन गार्ड लिहिता येतात, त्यामुळे लेटच्या (किमतीला नाव देणाऱ्या) किंवा डूच्या (कृती एकामागून एक मांडणाऱ्या) रचनेमध्ये एल्स-इफची शिडी लागत नाही. लॅम्डाकेसने एका राशीवर लगेच केस करणारे निनावी फंक्शन मिळते. दोन्ही २०१२ च्या जीएचसी ७.६ पासून आहेत. लॅम्डाकेस आता जीएचसी२०२४ या विस्तारांच्या संचात समाविष्ट आहे; मल्टिवेइफ मात्र अजूनही फाइलीच्या माथ्यावर वेगळा मागावा लागतो.

चौथी_मिती

मल्टिवेइफची गरज भासली की मी आधी तो तुकडा वेगळ्या फंक्शनमध्ये काढून त्याला नाव देता येते का, हे पाहतो. बहुतेक वेळा येते, आणि मग साधे गार्ड पुरतात.

भीमाकाठ

डू-रचनेत 'अट खरी असेल तरच हे कर' एवढेच हवे असते, तेथे एल्समध्ये रिकामे 'प्युअर ()' लिहिण्याऐवजी कंट्रोल.मोनॅडमधील 'व्हेन' आणि 'अनलेस' वापरावेत. सांजवात यांना जावाच्या सवयीमुळे याची आठवण लवकरच होईल.

रिकामी_ओंजळ

मी बराच वेळ हा धागा वाचत होतो. ओवी_आणि_अंक यांना नियम वेगळे हवे आहेत, अभंगवाणी यांना क्रमाची भीती आहे, सह्यसखा यांना टाइप हवा आहे. एसटीच्या प्रश्नात हे तिन्ही एकत्र साधता येते, कारण या नियमांमागे एक तत्त्व आहे: एकाहून अधिक सवलती लागू होत असतील, तर प्रवाशाला त्यांतली सर्वांत मोठी मिळते. ७६ वर्षांच्या बाई महिला म्हणून अर्ध्याच्या आणि वयामुळे मोफतच्या हक्कदार आहेत. त्यांना मोफत मिळते. शिडीमध्ये हे तत्त्व ओळींच्या क्रमात दडलेले आहे. ते उघड लिहू या.

    डेटा आकार = पूर्ण | अर्धे | मोफत डिरायव्हिंग (इक्यू, ऑर्ड)

    नियम =
      [ (बालक, मोफत)
      , (शाळकरी, अर्धे)
      , (महिला, अर्धे)
      , (ज्येष्ठ, अर्धे)
      , (अतिज्येष्ठ, मोफत) ]

    सवलत प्र = मॅक्सिमम (पूर्ण : [स | (लागू, स) <- नियम, लागू प्र])

ऑर्ड (लहान-मोठे ठरवण्याची सोय) आपोआप मिळवला की पर्याय ज्या क्रमाने लिहिले तोच लहान-मोठेपणाचा क्रम ठरतो, म्हणून मोफत सर्वांत मोठा. बालक, ज्येष्ठ वगैरे एकेका ओळीची फंक्शने आहेत. ज्येष्ठ म्हणजे फक्त 'वय ६५ किंवा अधिक', वरची मर्यादा लिहावी लागत नाही आणि यादीचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही. रिकाम्या यादीवर मॅक्सिमम चूक देते, म्हणून 'पूर्ण' आधी जोडला आहे, आणि तोच अदरवाइजचे काम करतो. सवलतीच्या फंक्शनमध्ये इफ, गार्ड, केस यांपैकी काहीही उरले नाही.

भीमाकाठ

सुंदर आहे. तरीही एक शंका. येथे प्रत्येक प्रवाशासाठी पाचही नियम तपासले जातात, गार्ड मात्र पहिल्या खऱ्या अटीपाशी थांबतात.

रिकामी_ओंजळ

होय, पाचही तपासले जातात. पाच तुलनांचा वेळ मोजण्याइतका नाही. नियम शेकड्यांनी असते किंवा एखादी अट तपासायला डेटाबेसपर्यंत जावे लागत असते, तर मी वेगळा विचार केला असता.

चौथी_मिती

ही पद्धत सर्वत्र चालणार नाही, हेही नोंदवले पाहिजे. आयकराच्या टप्प्यांत प्रत्येक टप्प्याचा कर स्वतंत्र काढून बेरीज करायची असते; तेथे कमाल घेतली तर उत्तर चुकेल. काही दुकानांत सूट एकीवर एक लागते, तेथे क्रमालाच अर्थ असतो. आधी नियमांचे एकमेकांशी नाते काय आहे ते शोधावे लागते: सर्वांत मोठा, पहिला, की सगळ्यांची बेरीज. रिकामी_ओंजळ यांनी ते नाते ओळखले, म्हणून अटी गळून पडल्या.

उंबरठा

'पहिला' या नात्याचे चांगले उदाहरण म्हणजे क्रमवारी. आडनावाप्रमाणे लावा, आडनाव सारखे असेल तर नावाप्रमाणे, तेही सारखे असेल तर वयाप्रमाणे. जावाच्या जुन्या कोडमध्ये यासाठी तीन घरटी इफ दिसतात. हास्केलमध्ये तुलनेचे उत्तर हा स्वतःच मोनॉइड, म्हणजे ज्याच्या किमती एकमेकींना जोडता येतात असा टाइप, आहे: पहिली तुलना 'समान' आली तरच दुसरी विचारात घेतली जाते.

    सॉर्टबाय (कम्पेअरिंग आडनाव <> कम्पेअरिंग नाव <> कम्पेअरिंग वय)

वाक्य जसे बोललो तसेच लिहिले गेले.

सांजवात

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या आस्थेने उत्तरे मिळतील, असे वाटले नव्हते.

मी दोन्ही रूपे लिहून पाहिली. भीमाकाठ यांचे तीन गार्ड मला वाचायला सर्वांत सोपे गेले, परंतु ओवी_आणि_अंक यांनी सांगितल्याप्रमाणे नियम शोधायला गेले की बोट ओळीच्या मध्ये ठेवावे लागते. शेवटी रिकामी_ओंजळ यांची नियमांची यादी ठेवली. जुन्या शिडीशी ताडण्यासाठी प्रत्येक नियमाच्या सीमेवर एक प्रवासी घेतला: ४ वर्षांचा मुलगा, १२ वर्षांची मुलगी, ६५ वर्षांचे गृहस्थ, ७४ वर्षांच्या बाई, ७६ वर्षांच्या बाई आणि ३० वर्षांचा तरुण. सहाही उत्तरे जुळली. यादीचा क्रम उलटा करून पुन्हा चालवले, तरीही जुळली. जुन्या शिडीच्या ओळी उलट्या केल्या, तेव्हा मात्र ७६ वर्षांच्या बाईंना अर्धे तिकीट लागले, जे अभंगवाणी यांनी आधीच सांगितले होते.

अभंगवाणी

सांजवात, एक शंका आहे. तुमच्या शाळकरी फंक्शनमध्ये '<= १२' आहे का '< १२'? वय पूर्ण वर्षांत मोजले असेल तर १२ वर्षे ८ महिन्यांचा मुलगाही १२ चाच धरला जातो. १२ वर्षे पूर्ण होईपर्यंतच अर्धे तिकीट असे धरायचे असेल, तर तुमची अट एक वर्ष जास्त सवलत देते.

सांजवात

'<= १२' आहे. जुन्या शिडीतही तेच होते, म्हणून दोन्हींची उत्तरे जुळली. आणि सीमेवर मी मुलगी निवडली होती. तिच्यासाठी शाळकरी नियम चुकला असता तरी महिलांच्या नियमाने अर्धेच आले असते, त्यामुळे त्या चाचणीने या अटीची परीक्षा झालीच नाही. आता ११ आणि १२ वर्षांचे दोन मुलगे चाचणीत घालते आणि '< १२' करून पुन्हा चालवते.